पाण्याची पाळी

श्रोतेहो, मी ज्या श्रीपूर गांवीं राहतों तें सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यांत, नीरा नदीच्या उजव्या कालव्याच्या मुलखांत वसलेलें आहे. या मुलखांत वर्षाकांठीं सरासरीनें वीस-बावीस इंच पाऊस पडतो, आणि तोहि वेळेवर पडेल अशी हमी कोणी देत नाहीं. असें असतां आमच्या शिवारांत उसाचे फड डुलतात, कारखान्याच्या भोंग्यावर गांवाचा दिवस मोजला जातो, आणि परगांवचा पाहुणा म्हणतो, "तुम्हांला बुवा दुष्काळ ठाऊक नाहीं!" पण येथून सांगोल्याच्या वाटेला लागलें, कीं पाट मागें राहतो, हिरवा रंग संपतो आणि उघडा माळ सुरू होतो. माझा जन्म त्या माळावरचा. माझी नोकरी व संसार या कालव्याकांठचा. छत्तीस वर्षें मुलांना इतिहास व गणित शिकवितांना एका प्रश्नानें माझी पाठ सोडली नाहीं. तोच आज आपणांपुढें ठेवितों. पाणी थोडें आणि तोंडें फार, असें झालें म्हणजे पहिली पाळी कोणाची, आणि ती ठरवावी कोणी?

आमच्या जिल्ह्यास दुष्काळाची ओळख जुनी आहे. पंधराव्या शतकांतील दुष्काळांत मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं बेदरच्या बादशहाचीं धान्याचीं कोठारें भुकेल्यांस लुटवून दिलीं, ही कथा आमच्याकडे पाळण्यांतल्या मुलासहि ऐकविली जाते. पण या कथेंतील एक गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. दामाजीपंतांपाशीं वांटण्यासाठीं कोठार होतें. धान्य सांठवितां येतें, बैलगाडींतून नेतां येतें, पायलीनें मोजतां येतें. पाण्याचें तसें नाहीं. तें उन्हानें उडतें, जमिनींत मुरतें, उताराकडे धांवतें, आणि रात्रीं कोणी बांध फोडला तर सकाळीं चोरीचा पुरावाहि उरत नाहीं. म्हणून धान्याच्या वांटणीस एक उदार पुरुष पुरतो. पाण्याच्या वांटणीस सबंध गांवानें मानलेला नियम लागतो.

असा नियम आपल्या पूर्वजांस माहीत नव्हता असें नाहीं. धुळें आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर जुने बंधारे आहेत, आणि त्यांच्या पाण्यावर चालणारी फडपद्धति कांहीं शतकांची आहे. बंधाऱ्याखालील सारी जमीन चार-पांच मोठ्या तुकड्यांत विभागलेली असे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, आणि पुढील सालीं तें पीक दुसऱ्या फडांत न्यावयाचें. बहुतेक प्रत्येक कुटुंबाची थोडी जमीन प्रत्येक फडांत असे. याचा गुण दुष्काळांत दिसून येई. पाणी कमी असल्यास पंचांनीं एखादा फड त्या वर्षीं कोरडा ठेवावयाचा. त्यामुळें तूट सर्वांच्या वांट्यास थोडीथोडी येई, आणि कोणाचेंहि सारें पीक एकट्याचें म्हणून बुडत नसे. पाणी शेतांत सोडण्याचें काम मालकाचें नव्हे, तर गांवानें नेमलेल्या पाटकऱ्याचें; आणि त्याची मजुरी सर्वांनीं मिळून द्यावयाची. ज्याच्या हातीं फावडें त्याला शेत नाहीं, व ज्याचें शेत त्याच्या हातीं फावडें नाहीं, अशी ही योजना होती.

आतां आमच्या भागाकडे वळूं. १८७६-७७ चा दुष्काळ हा दख्खनवर आलेल्या अत्यंत भयंकर संकटांपैकीं एक होय, आणि सोलापूर जिल्ह्यास त्याची झळ फार लागली. सोलापूरजवळचा एकरूखचा तलाव त्यापूर्वींच, १८७१ च्या सुमारास, पुरा झाला होता. आष्टीच्या तलावाचें काम मात्र याच दुष्काळांत उपाशी माणसांच्या हातून सुरू झालें. आज तलावाच्या भिंतीवरून चालतांना मला नेहमीं वाटतें, कीं ही माती ज्यांनीं डोईवरून वाहिली त्यांतील कित्येकांना या पाण्याचा एक थेंबहि पाहावयास मिळाला नसेल. पुढें १८८० सालीं दुष्काळ-आयोगाचा अहवाल आला, आणि कालवे व तलाव हे दुष्काळावरचे संरक्षण होत, हा विचार सरकारदरबारीं रुजला. भाटघरचें जुनें धरण व नीरेचा डावा कालवा हीं याच काळांतलीं कामें. १८८५ च्या सुमारास डाव्या कालव्यास पाणी आलें.

या संरक्षणाचा मूळ हेतु साधा होता. थोडें पाणी पुष्कळ जमिनीवर पसरावें, म्हणजे पाऊस रुसला तरी ज्वारी-बाजरीचें पीक हातीं लागेल. पण येथें एक अडचण उभी राहिली, आणि पुढील सारा इतिहास त्या अडचणींतून निघाला आहे. ज्या वर्षीं पाऊस बरा, त्या वर्षीं ज्वारीवाला कालव्याचें पाणी घेईना. फुकट पडणारें पाणी सोडून पट्टी कोण भरील? आणि ज्या वर्षीं पाऊस नाहीं, त्या वर्षीं सर्वांची धांव एकदमच कालव्यावर येई. कालव्याचा खर्च मात्र दरसाल चालूच. याउलट उसाला बारा महिने पाणी लागतें, आणि ऊसवाला दरसाल पट्टी भरतो. हिशेबनीसाच्या चोपडींत ऊस हें आदर्श पीक ठरलें, आणि जो कालवा ज्वारीच्या रक्षणासाठीं खणला होता त्याचा जमाखर्च उसावांचून जुळेना.

या पेंचांतून वाट काढण्याचा एक यत्न मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं केला. ते त्या वेळीं मुंबई इलाख्यांत इंजिनिअर होते. त्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं सुचविलेल्या पद्धतीस 'ब्लॉक' पद्धति म्हणतात. कालव्याकांठीं वाटेल तेथें विखुरलेल्या उसास पाणी देत बसण्यापेक्षां ठराविक गटांत पाणी द्यावें, आणि त्या गटांत ऊस तिसऱ्या हिश्शापुरता ठेवून बाकींत कमी पाण्याचीं पिकें घ्यावींत, असा तिचा गाभा होता. यांत दोन हेतु साधत. पाणी वाटेंत कमी मुरे, आणि कालव्याचा लाभ एकाच गांवांत न सांचतां अधिक गांवांस मिळे. पीक कोणतें घ्यावयाचें याच्याशीं पाण्याची वांटणी बांधलेली आहे, हें त्यांनीं स्पष्ट ओळखलें होतें. एवढी एक गोष्ट आपण पुढें पाळली असती, तर आज मला हें भाषण करण्याचें कारण पडलें नसतें.

यानंतर १९२८ च्या सुमारास भाटघर येथें नवें मोठें धरण झालें, आणि त्यापाठोपाठ नीरेचा उजवा कालवा फलटण, माळशिरस, पंढरपूर या भागांत उतरला. सासवडकडील माळी मंडळी उसाची शेती करीत करीत आधींच डाव्या कालव्याकांठीं पसरली होती. त्यांनीं १९३० नंतरच्या वर्षांत आमच्या शेजारीं माळीनगर येथें स्वतःचा साखर कारखाना उभारला. चंद्रशेखर आगाशे यांनीं १९३४ त बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केलें आणि त्याचा कारखाना श्रीपूरला आला. श्रीपूर हें कारखान्याच्या चिमणीभोंवतीं वाढलेलें गांव आहे. या मंडळींच्या उद्योगास मी कमी लेखीत नाहीं. माझ्या शाळेच्या छपराखालीं जीं शेंकडों मुलें शिकून मोठीं झालीं, त्यांपैकीं बहुतेकांच्या घरची चूल उसावर पेटत होती. पण कारखाना एकदां उभा राहिला म्हणजे त्याला दरसाल ऊस हवा; पाऊस असो वा नसो. यंत्राला दुष्काळ समजत नाहीं.

पाणी-वांटपाचा कायदा तसा जुना आहे. १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा जवळजवळ शंभर वर्षें चालला. १९७६ सालीं महाराष्ट्रानें आपला नवा कायदा केला. शेतकऱ्यांस कायद्यापेक्षां शेजपाळी अधिक परिचयाची आहे. हंगामापूर्वीं सात नंबरचा अर्ज भरावयाचा, मंजुरी मिळाली म्हणजे पाळीपत्रकांत नांव लागतें, आणि अमुक दिवशीं, अमुक घटकेस, इतके तास पाणी, असा हिशेब असतो. पाळी चारीच्या शेवटापासून सुरू होऊन मुखाकडे यावी, हा या रीतीचा आत्मा आहे. मुखाशीं असलेल्याच्या दारावरून पाणी वाहत जातें. त्याला तें केव्हांहि दिसतें. शेवटच्या माणसाला तें दिसतच नाहीं. म्हणून ज्याला दिसत नाहीं त्याला आधीं द्यावें, असा हा न्याय आहे.

आणि सुकाळांत तो पाळलाहि जातो. दुष्काळांत मात्र उलट घडतें. आवर्तन लांबतें, कालव्यांतील पातळी उतरते, मोरींतून निघणारी धार बारीक होते. मुखाकडील माणूस म्हणतो, "माझा ऊस वर्षाचा आहे, तो जळाला तर सारें गेलें." शेवटाकडील म्हणतो, "माझें वैरणीचें एकच पाणी राहिलें आहे." दोघेहि खरें बोलतात. पण रात्रीं फावडें घेऊन जावयास मुखाकडच्यास चार पावलें टाकावीं लागतात, आणि शेवटच्याला चार कोस. गांवोगांवीं ज्याला 'टेल' म्हणतात त्या माणसांचें भाग्य या चार कोसांत लिहिलेलें आहे.

पाळींत नांवच नसलेल्यांची गोष्ट याहूनहि वेगळी. ज्याला जमीन नाहीं त्याला पाटाच्या पाण्यावर हक्क नाहीं, अशी पहिल्यापासूनची समजूत. आणि आडाच्या पाण्याचें म्हणाल, तर अस्पृश्य म्हणून ज्यांना दूर ठेविलें त्यांना सुकाळांतहि ताटकळत उभें राहावें लागे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळांत १९२३ सालीं संमत झाला, तरी १९२७ त महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं डॉ. आंबेडकरांना हजारों लोकांसह सत्याग्रह करावा लागला. पाण्याच्या वांटणीचा इतिहास लिहितांना कालव्यांच्या लांबीरुंदीबरोबर हें प्रकरणहि लिहिलें पाहिजे. मी स्वतः लहानपणीं आमच्या गांवच्या विहिरीवर कांहीं बाया घागरी खालीं ठेवून अंतरावर उभ्या राहिलेल्या पाहिल्या आहेत. कोणी तरी दया येऊन त्यांच्या घागरींत ओतीपर्यंत त्या तशाच उभ्या असत. तें पाहूनहि मला तेव्हां कांहींच वाटलें नाहीं, हें सांगतांना आज मान खालीं जाते.

तें १९७२ साल होतें, आणि मी अकरा-बारा वर्षांचा होतों. आई दुष्काळी कामावर खडी फोडीत असे. मी धाकट्या भावाला झाडाच्या सावलींत सांभाळी. मिलोच्या भाकरीचा रंग आणि सुकडीची चव माझ्या पिढींतील कोणीहि विसरला नसेल. १९७३ च्या उन्हाळ्यांत राज्यभर जवळजवळ पन्नास लाख माणसें अशा कामांवर होतीं. त्यांतूनच पुढें वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना कायद्याच्या रूपानें साकार झाली. १९७७ त कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलांत आला. पण त्या दुष्काळांत आमच्या विहिरीच्या तळाशीं थोडें तरी पाणी होतें. जाणते लोक म्हणतात, कीं बहात्तरचा दुष्काळ अन्नाचा होता आणि त्यानंतरचे पाण्याचे. माझा अनुभवहि तोच आहे. पुढें यंत्रानें पाडलेल्या विंधन-विहिरी दोनशें, तीनशें, पांचशें फूट खोल गेल्या, आणि ज्याच्यापाशीं पैसा त्यानें शेजाऱ्याच्या विहिरीखालचें पाणी ओढलें. जमिनीच्या पोटांतल्या पाण्यास पाळी नाहीं.

याच बहात्तरच्या होरपळींतून एक वेगळा प्रयोग निघाला. विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनिअर व कारखानदार. दुष्काळी कामें पाहून ते अस्वस्थ झाले आणि पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें जाऊन राहिले. तेथें त्यांनीं पाणी पंचायतीची जी पद्धति बसविली तिचे नियम बोटांवर मोजण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां घरांतील माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचें. माणशीं अर्धा एकर, आणि कुटुंबास अधिकांत अधिक अडीच एकर भिजेल इतकें. भूमिहीनासहि त्यांत वांटा. ऊस लावावयाचा नाहीं. खर्चाचा पांचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनीं स्वतः उभा करावयाचा. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाहीं. पाण्याची पाळी शेताच्या नांवानें न लावतां माणसाच्या नांवानें लावण्याचें धैर्य साळुंख्यांनीं दाखविलें. सारा महाराष्ट्र कांहीं त्यांच्या मागें गेला नाहीं; पण तसें करतां येतें हें त्यांनीं करून दाखविलें.

आमच्या जिल्ह्यांत मात्र आशा वेगळीकडे लागली होती. १९८० सालीं भीमेवरचें उजनी धरण पूर्ण झालें. एकूण सांठा ११७ अब्ज घनफूट. पण त्यांपैकीं सुमारें ६४ अब्ज घनफूट हा मृतसांठा, म्हणजे कालव्याच्या दारांखालीं राहणारें पाणी. उपयोगाचें तें उरलेलें ५३ अब्जांच्या वर. आपण वर्तमानपत्रांत 'उजनी उणे' असें वाचतों तें मृतसांठ्यांतून केलेली उचल सांगणारें असतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत ही पातळी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली. पाणी असें उतरलें म्हणजे बुडालेल्या पळसदेवाचें जुनें देऊळ वर येतें आणि लोक तें पाहावयास जातात. मला तें देऊळ एखाद्या खर्ची पडलेल्या मुद्दलाच्या पावतीसारखें दिसतें. सोलापूर शहरासाठीं उजनीचें पाणी नदींतून सोडण्याची वहिवाट कैक वर्षें चालली, आणि त्यांत शहराच्या वांट्यास येणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी उन्हानें, वाळूनें आणि कांठच्या पंपांनीं गिळलें. कागदावर पिण्याच्या पाण्याचा मान नेहमींच पहिला आहे. २००३ च्या राज्य जलनीतींत तो पहिलाच होता. २०११ त शेतीस उद्योगाच्या आधीं आणलें, तेव्हांहि तो पहिलाच राहिला. पण नदींतून वाहणाऱ्या पाण्याच्या अंगावर हें पिण्याचें आणि हें उसाचें, असें लिहिलेलें नसतें.

आतां माझी स्वतःची गोष्ट सांगतों, कारण दुसऱ्यास उपदेश करणाऱ्यानें आपला हिशेब आधीं द्यावा. नोकरींत पै-पै जमवून मीं कालव्याखालीं सव्वा एकर जमीन घेतली आणि सर्वांनीं लावला म्हणून मींहि ऊस लावला. २००३ सालीं पाऊस फसला. पुढील उन्हाळ्यांत एक आवर्तन केवळ खालच्या गांवांचीं पिण्याच्या पाण्याचीं तळीं भरण्यासाठीं सुटलें; वाटेंतील मोऱ्या बंद होत्या. दुसऱ्या रात्रीं आम्ही चार शेजारी फावडीं घेऊन गेलों, मोरी उचकटली आणि पहांटेपर्यंत दारें धरलीं. कोणीं हटकलें नाहीं. मास्तरांना कोण हटकणार?

पुढच्या आठवड्यांत हजेरी घेतांना मला दिसलें, कीं टेलाकडून येणाऱ्या तीन मुली लागोपाठ गैरहजर आहेत. चौकशी केली तेव्हां त्यांतील एकीचा भाऊ म्हणाला, "गुरुजी, तळ्यांत पाणी आलंच नाही. टँकर कधी येतो त्याचा नेम नाही, म्हणून त्या घागरी घेऊन बसतात." मीं हजेरीपटावर त्या मुलींपुढें फुली मारली; पण ती माझ्याच नांवापुढें पडली असें मला वाटलें.

त्या दिवशीं सातवीच्या वर्गाला मीं फळ्यावर एक गणित घातलें. उसाला वर्षांत ऐंशी ते शंभर इंच पाणी लागतें. कमींत कमी ८० इंच धरलें, तर एका एकरास सुमारें ८२ लक्ष लिटर. खेड्यांच्या पाणी योजनांत माणशीं रोज ४० लिटर हें माप पुष्कळ वर्षें चालत होतें. आतां तें ५५ केलें आहे. ४० नें हिशेब केल्यास एका माणसास वर्षाला १४,६०० लिटर. तर एका एकर उसाच्या पाण्यांत किती माणसांचें वर्ष निघेल? मुलांनीं भागाकार केला. उत्तर साडेपांचशेंच्या वर आलें. एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, म्हणजे आमचं अख्खं गाव!" मीं फळा पुसला, पण तें उत्तर पुसलें गेलें नाहीं.

मीं दुसऱ्या दिवशीं ऊस मोडला असें सांगितलें तर तें खोटें होईल. कर्ज होतें; खोडवा निघेपर्यंत मीं तो ठेविला. त्यानंतर मात्र शाळू, हरभरा आणि थोडा मका एवढेंच घेतों. शाळूला उसाच्या पांचव्या हिश्शाएवढें पाणी पुरतें. उत्पन्न घटलें, घरांत बोलणीं खाल्लीं, आणि शेजाऱ्यांनीं "मास्तरांना पेन्शन आहे, त्यांना परवडतं" असें म्हटलें. त्यांचें म्हणणें खरेंच आहे. ज्याला पेन्शन नाहीं त्यानें ऊस सोडावा असें म्हणावयाचें, तर शाळूला आणि कडधान्यालाहि उसासारखा ठराविक भाव आणि दाराशीं गिऱ्हाईक मिळालें पाहिजे. एकट्या शेतकऱ्याच्या सद्बुद्धीवर पाण्याची वांटणी सोंपवून भागणार नाहीं.

म्हणून इतिहासानें मला जें शिकविलें तें थोडक्यांत सांगतों. पाळी दुष्काळ येण्यापूर्वीं ठरली पाहिजे. १५ ऑक्टोबरला धरणांतील सांठा मोजला जातो, त्याच आठवड्यांत प्रत्येक चारीवर त्या वर्षाचा हिशेब सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. तूट आली तर ती फडपद्धतीप्रमाणें सर्वांत वांटावी, शेवटच्या गांवावर लोटूं नये. पिण्याच्या पाण्याचें माप शेतीच्या मापाआधीं बाजूला काढून त्यावर पहारा ठेवावा, आणि पहारेकऱ्यांत टेलाच्या गांवचीं माणसें असावींत. तळें राखी तो पाणी चाखी, ही म्हण आपण हंसत हंसत म्हणतों. पण राखणारा आणि चाखणारा एक असूं नये, हेंच पांझरेकांठच्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांनीं शतकांपूर्वीं ओळखलें होतें.

त्या तीन मुलींपैकीं एक आज आरोग्य-सेविका आहे. गेल्या उन्हाळ्यांत ती भेटली, तेव्हां मीं तिला त्या रात्रीची हकीकत सांगून टाकली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, आम्हांला तेव्हांच माहीत होतं." श्रोतेहो, शेवटच्या माणसाला पाणी दिसत नाहीं, पण तें कोठें अडलें हें त्याला नेहमीं ठाऊक असतें.